गाण्याआधी चूल विचारतात

कुसळवाडीच्या पूर्वेला एक उघडा माळ आहे. त्याला उभ्यांचा माळ म्हणतात. माळाच्या कडेवर कमरेइतक्या उंचीचे दगड एका ओळीत रोवलेले आहेत. ओळ सरळ नाही, धनुष्यासारखी वाकलेली आहे. दगड घडवलेले नाहीत आणि एकावरही नाव नाही. त्यांच्या पुढच्या पट्ट्यात कितीही पाऊस झाला तरी गवत उगवत नाही, असे सांगतात. खरे तर दर हंगामाला वाडीतली माणसे तिथेच उभी राहतात, त्यामुळे जमीन चेपली गेली आहे. पण हे याकोबबाबांना सांगितले तर ते म्हणतात, "मंग? म्या त्येच तर सांगतोय."

याकोबबाबा वाडीच्या देवळाची राखण करतात. वाडी ख्रिस्ती आहे, आणि चर्चला सगळे देऊळच म्हणतात. शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतून कधी पाहुणे येतात. त्यांना इथली जुन्या चालीची गाणी ऐकायची असतात. बाबा त्यांना माळावर आणतात, आणि त्यांच्यातले कोणीतरी एखादे स्तुतिगीत म्हणा असा आग्रह धरतेच. बाबा काठी दगडाला टेकवून ठेवतात.

"इथं आधी गात न्हाईत," ते म्हणतात. "आधी इचारत्यात."

मग खाली बसून ते हकीकत सांगतात.

वाडीतले पूर्वज पूर्वी गावकीची कामे करीत. मेलेली ढोरे ओढणे, निरोप पोचवणे, वेशीवर राखण करणे. त्याचा मोबदला म्हणून संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. दारापासून लांब उभे राहून हाक घालायची आणि वरून पडेल ते पदरात घ्यायचे. पुढे त्यांनी येशूचा मार्ग धरला. बाप्तिस्म्याच्या दिवशी वाडीचे धर्मगुरू, सावळाराम पाळक, यांनी सगळ्यांना या माळावर उभे केले आणि शपथ घ्यायला लावली, असे सांगतात. यापुढे आपले तोंड उघडेल ते देवाच्या स्तुतीसाठी. मागण्यासाठी उघडायचे नाही. म्हातारी माणसे त्या दिवशी रडली म्हणे. त्यांना जन्मात कोणी असे काही सांगितले नव्हते.

ती शपथ वाडीने जिवापलीकडे पाळली. मोलमजुरी केली, दगड फोडले, पण कोणाच्या दारात हाक घातली नाही. संध्याकाळी सगळे देवळासमोर जमत. गऊबाई नावाची तरुण बाई पुढे म्हणायची आणि मंडळी मागे झील धरायची. गऊबाईचा आवाज इतका मोकळा होता की ओढ्यापलीकडच्या गावातली माणसेही जेवताना घास हातात धरून थांबत. "लागले बाटगे रेकायला," असेही म्हणत, आणि ऐकतही.

मग मोठा दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी ज्वारी करपली. दुसऱ्या वर्षी पेरलेलेच उगवले नाही. माणसे तरवड्याचा पाला उकडून खाऊ लागली. गऊबाईचा नवरा कामाच्या शोधात गेला तो परतला नाही. घरात ती आणि तिचा तान्हा इसाक एवढीच उरली. तिला दूध येईनासे झाले होते. तरी संध्याकाळचे गाणे चुकले नाही. पाळक म्हणत, सुखात कोणीही गातो, आपली परीक्षा आता आहे. लोकांना ते पटत होते. गाताना तेवढा वेळ पोटाची आठवण राहत नसे, असेही सांगतात.

एके दिवशी खबर आली की दुष्काळाच्या कामावरचा गोरा साहेब फिरतीवर आहे. तो ज्या गावाची दशा वाईट बघेल तिथे सरकारी अन्नछत्र उघडणार होता. छत्र एकच होते आणि ते कुसळवाडीत किंवा ओढ्यापलीकडच्या गावात उघडायचे होते.

गऊबाई पाळकांकडे गेली. ती म्हणाली, साहेबाला आपल्या थंड चुली दाखवू, पोरे दाखवू. पाळकांनी नकारार्थी मान हलवली. साहेबही येशूचाच माणूस आहे, ते म्हणाले. आपण स्तुतीने त्याचे स्वागत करू. तो आपल्याला ओळखील.

"आन् न्हाई वळखलं तर?" गऊबाईने विचारले.

"तर देव वळखतो. पर आता पुन्यांदा हात पसरायचा न्हाई, बाई. लई मुश्किलीनं मागं घेतलाय."

गऊबाई तशीच घरी परतली. मागे घेतलेल्या त्या हातांत तिचाही एक होता.

त्या सकाळी वाडीने कपडे राखेत धुतले. मिशनने पूर्वी दिलेले लांब सदरे पोरांना घातले, त्याखाली बरगड्या झाकल्या गेल्या. पाळकांच्या बायकोजवळ करडईचे थोडे तेल उरले होते. ते तिने सगळ्या पोरांच्या केसांना आणि गालांना चोपडले. सणाला असेच करायची रीत होती. मग सगळे माळाच्या कडेवर कमान धरून उभे राहिले. ज्यांना उभे राहवत नव्हते त्यांना दोन्ही बाजूंनी खांदे दिले.

साहेब घोड्यावरून आला. त्याचा कारकून तट्टावर होता. मंडळी गाऊ लागली, आणि त्या दिवसासारखे गाणे आधी कधी झाले नाही, नंतरही नाही, असे म्हणतात. साहेबाने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते म्हणे. चकाकणारे गाल, धुतलेले सदरे, एकमेकांना बिलगून उभी माणसे त्याने घोड्यावरूनच पाहिली. गाणे थांबले तेव्हा त्याने कारकुनामार्फत विचारले, तुम्हाला काही कमी आहे का?

पाळक पुढे झाले. मंडळीत कोणी कोणाला खुशाली विचारली की जे उत्तर द्यायची सवय होती, तेच त्यांच्या तोंडून निघाले.

"प्रभूची दया हाय, सायेब."

गऊबाईने इसाकला छातीवरून सरकवून पुढे धरले. तिने तोंड उघडले. पाळकांनी ते पाहिले. ही आता मागणार, सगळ्यांदेखत मागणार, असे त्यांना वाटले, आणि घाबरून त्यांनी पुढचे कडवे सुरू केले. त्यांचा आवाज फुटका होता. मंडळी गऊबाईकडे बघू लागली, कारण कडवे उचलायचे काम तिचे होते. मागण्यासाठी उघडलेले तोंड तसेच होते. त्यातून गाणे निघाले. तिने ते शेवटपर्यंत म्हटले.

साहेब ऐकून पुढे गेला. पलीकडच्या गावात बायका त्याच्या घोड्यापुढे आडव्या पडल्या होत्या. अन्नछत्र तिथे उघडले.

वाडीची माणसे ओढा ओलांडून तिथे गेली. आता जाण्यात शपथ मोडत नव्हती, छत्र सरकारचे होते. पण वाढणारी माणसे गावातली होती. त्यांनी वाडीला रांगेच्या शेवटी, बाजूला उभे केले. वाडीची पाळी येईतो कढई खरवडून झालेली असे. "तुमास्नी काय कमी?" वाढणारा हसून म्हणायचा. "तुमी तर सायबाला गानं ऐकिवलंत."

इसाक त्याच आठवड्यात गेला. त्याच्यामागून माळावर उभी राहिलेली पुष्कळ माणसे गेली, पाळकांची बायकोही गेली. तिला मूठमाती देऊन पाळक घरी आले नाहीत. ते चालत साहेबाच्या तळावर गेले. तंबूपासून लांब, पूर्वी जितके लांब उभे राहायची रीत होती तितके लांब ते उभे राहिले. त्यांनी कमरेत वाकून जोहार घातला आणि बापाकडून शिकलेली भाकरीची हाक घातली. ती हाक त्यांनी इतक्या वर्षांत घातली नव्हती, पण एक सूरही विसरले नव्हते, असे सांगतात. धान्याची गाडी वाडीला आली. तोवर खाणारी तोंडे थोडी उरली होती.

पाळक गऊबाईच्या दारात गेले आणि उंबऱ्याबाहेर बसले. क्षमा मागा म्हणून कोणी त्यांना सांगितले नव्हते. शेवटी ते म्हणाले की ते गाणे खोटे होते, आता वाडीत पुन्हा गाणे नको.

"गानं खोटं नव्हतं, पाळक," गऊबाई आतून म्हणाली. "आपुन निम्मंच सांगितलं."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पहिली कणसे घेऊन उरलेली मंडळी उपकारस्तुतीला, म्हणजे सुगीसाठी देवाचे आभार मानायला, माळावर जमली. जो जिथे उभा होता आणि आता नव्हता, तिथे त्याच्या घरच्यांनी दगड रोवला होता. ज्यांच्या घरचे कोणीच उरले नव्हते त्यांचे दगड पाळकांनी वाहून आणले. सगळे गऊबाईच्या तोंडाकडे पाहत होते. ती गायली नाही. तिने वळून मंडळीला विचारले, "आज कुनाची चूल पेटली न्हाई?"

कोणी बोलेना. तिनेही सूर धरला नाही. बराच वेळ गेल्यावर मागून एका म्हाताऱ्याने हात वर केला. गऊबाईने आपल्या ओच्यातली कणसे एका पोरीजवळ दिली आणि तिला खाली वाडीत पाठवले. म्हाताऱ्याच्या छपरातून धूर निघालेला माळावरून दिसला, तेव्हा ती गायली. लोक सांगतात की तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. मध्येच तुटत होता. तरी एक कडवे तिने गाळले नाही.

आजही उपकारस्तुतीच्या दिवशी पुढे म्हणणारी बाई आधी हे विचारते, आणि वाडीत कोणाची चूल थंड आहे असे कळले तर ती पेटेपर्यंत गाणे सुरू होत नाही. आता घरोघरी गॅस आला आहे, धूर दिसत नाही. म्हणून कोणीतरी परत चढून येऊन सांगावे लागते. ऊन चढते, पाहुणे घड्याळ बघतात.

एकदा एका पाहुण्या बाईंनी याकोबबाबांना विचारले, की आता कोण कशाला हात वर करील, आता तसे दिवस कुठे राहिले आहेत.

बाबांनी काठी उचलली. ते म्हणाले, "गेल्या साली कुनीबी केला न्हाई. आमी गायलो. सांजच्याला कळलं, दोन घरं उपाशी व्हती."

बाबा पुढे झाले आणि उतरताना म्हणाले, "म्हून औंदा इचारल्यावर आमी जरा जास्त येळ थांबनार हाय."