पौषातली कात्री

फार मागची गोष्ट. राजे घोड्यावरून हिंडत आणि वाटेत कुणाच्याही ओसरीवर बसून ताक पीत, तेव्हाची. डोंगराच्या पायथ्याशी धुळबा नावाचा म्हातारा विणकर राहत होता. घर दोन खणांचे, पण परस केवढे! नऊ मेंढ्या, डझनभर कोंबड्या, पेरू, सीताफळ आणि कुंपणाशी एक जुनी चिंच. चिंचोक्यांची खळ करून ती लोकरीच्या ताण्याला लावली, की घोंगडी अशी घट्ट विणली जाई की पाऊस वरच्यावर निथळून जाई.

हा सगळा पसारा मांडला होता त्याच्या बायकोने, कोंडाईने. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती. कोंबड्या अजूनही तिच्या वेळेला दाराशी येत आणि धुळबाला पाहून हिरमुसत. निदान त्याला तरी तसे वाटे.

कोंडाईचा एक नेम होता. होळीची राख मेंढीच्या कपाळाला लावल्याशिवाय ती लोकर कातरायला कात्री हातात घेऊ देत नसे; थंडी सरली, की मगच कातरणी. बांडी नावाच्या मेंढीला तर तिने बोटाने दूध चाटवून जगवले होते. तिची एकच इच्छा राहून गेली. परसाला लागून ओढ्याकाठी राजाची पडीक जागा होती, तिथे तिला आंबे लावायचे होते.

एका मार्गशीर्षात राजाचा कारभारी दारी आला. "राणीसाहेबांना तुझ्या तीन घोंगड्या हव्यात. संक्रांतीला न्यायला येईन. बदल्यात काय देऊ, बोल."

धुळबाच्या तोंडून पटकन निघून गेले, "ओढ्याकाठचा तुकडा द्या, सरकार."

"दिला!"

घरात लोकर होती ती दोनच घोंगड्यांपुरती. धुळबाने त्या दोन विणल्या, मग दोन दिवस विचार केला आणि भर पौषात कात्री काढली. शेजारची मैनाबाई कुंपणापाशी येऊन थबकली.

"भावजी, या थंडीत कातरताय? कोंडाईनं हात धरला असता तुमचा."

"तिच्यासाठीच करतोय, वहिनी."

ती मान हलवून घरात गेली.

धुळबाने लोकर पिंजली, सूत कातले, माग चालवला. किती वर्षांनी त्याचे हात असे भरभर चालत होते! कुठे कलमी लावायचा, कुठे रायवळ, हे तो मोठ्याने बोलत बसे, जणू कोंडाई पलीकडे सूत गुंडाळत होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिसरी घोंगडी मागावरून उतरली.

त्याच दिवशी डोंगरावरून बोचरा वारा सुटला.

संक्रांतीच्या सकाळी धुळबा मेंढ्यांकडे गेला आणि जागीच थिजला. मेंढ्या एकमेकींना चिकटून थरथरत होत्या. बांडी आडवी पडली होती. पहाटेच ती व्याली होती आणि ओले कोकरू तिच्या पोटाशी धडपडत होते. धुळबाने घरातली एकुलती वाकळ आणून दोघांवर टाकली. बाकीच्यांचे काय? आत तीन घोंगड्या घडी घालून ठेवल्या होत्या. मोहरलेले आंबे त्याच्या डोळ्यांपुढे आले. मग त्याने घड्या मोडल्या आणि मेंढ्यांवर घोंगड्या पांघरल्या.

कारभारी आला तो पाहतच राहिला. "अरे, हे काय केलंस? काढ त्या. झटकून दे, अजून चालतील."

"ज्यांची लोकर, त्यांच्या अंगावर आहे, सरकार. आज नाही काढता यायची."

कारभारी रिकाम्या हाताने परतला. ओढ्याकाठची जागा पुढे दुसऱ्या कुणाला मिळाली.

आठ मेंढ्या वाचल्या. बांडी मात्र दुपारी गेली. धुळबा तिचे डोके मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला.

"तुझ्यासाठी म्हणून तुझीच बांडी घालवली गं मी!"

मैनाबाईने कुंपणापलीकडून आपली दुभती शेळी सोडून आणली आणि कोकराला तिच्याखाली लावले.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढे ध्यानात ठेवा: गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरवण्याआधी, त्याने जिवापाड जपलेले जपावे.