बांधणाऱ्याने आधी बसावे

“फळी कुणी बांधली होती, असं सुमेधच्या बाबांनी विचारलं तर मी काय सांगू?”

सारंगचाचा दोराची वेटोळी घालत होते. घालतच राहिले.

“चाचा, मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकू येतं मला.”

“मग बोला ना.”

चाचांनी एक वेटोळं खाली ठेवलं आणि दुसरा दोर उचलला.

या गप्प बसण्याची केतकीला भारी चीड होती. म्हाताऱ्यांची ही युक्तीच असते, असं तिचं ठाम मत होतं. काही ठाऊक नसलं की गप्प बसायचं, आणि जगानं त्याला शहाणपण म्हणायचं.

‘तारामती’ त्या सकाळी डिझेल आणि पाणी घ्यायला दोन तासांपुरती एका लहानशा बंदराला लागली होती. शिडांचं जहाज, वर कॉलेजचे बावीस विद्यार्थी. तिसऱ्या वर्षी सगळ्यांनाच दोन महिने असं राबावं लागे. डेक धुवायचं, शिडं चढवायची, रंग खरवडायचा. हे सगळं शिकवायला इब्राहीम परकार होते, खलाशांचे म्होरके, म्हणून सारंगचाचा. चौथीपर्यंत शाळा आणि बेचाळीस वर्षं समुद्र. केतकी दामले वर्गात पहिली आणि पहिल्या टोळीची प्रमुख.

आता विद्यार्थी एकवीस होते.

नऊ दिवसांपूर्वी, कारवारच्या अलीकडे, सुमेध वाहुळे डोलकाठीवरून पडला होता. कारवारला पंचनामा झाला, प्रेत ॲम्ब्युलन्सनं गावी गेलं आणि जहाज मुंबईकडे माघारी निघालं. त्याचं सामान तेवढं राहिलं होतं. ते कुरिअरनं पाठवू म्हटलं, तर बाप नको म्हणाला. मी येतो म्हणाला. जहाज बघायचंय म्हणाला. आज तो इथेच येणार होता.

चाचांचा एक नियम होता.

डोलकाठी खरवडायला माणूस फळीवर बसून वर जातो. फळीला दोर बांधायचा आणि खालच्यांनी त्याला ओढून वर न्यायचं. पण ज्यानं गाठ मारली, त्यानं त्या फळीवर आधी स्वतः बसायचं. डेकपासून वीतभर वर उचलून घ्यायचं, तीनदा अंग आदळायचं, मग उतरायचं. त्यानंतर दुसऱ्यानं बसायचं. रोज, प्रत्येक फळीला.

पोरं याला ‘चाचांची आरती’ म्हणत. नाव केतकीनंच ठेवलेलं.

“चाचा, हे पुस्तकात कुठेच नाही,” ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. “गाठ बरोबर आहे की नाही ते बघून कळतं. देवानं डोळे कशाला दिलेत?”

सगळे हसले होते. चाचाही हसले होते.

त्या दिवशी दुसऱ्या टोळीशी पैज लागली होती, जेवणाआधी कोणाचं खरवडून संपतं याची. केतकीनं भराभर गाठ मारली. सुमेध रंग खरवडायचा पत्रा हातात घेऊन शेजारी उभा होता.

“बस ना बाई आधी,” तो म्हणाला. “तुझं वजन तरी कळू दे आम्हाला.”

दोर ओढणारे चौघे खिदळले.

केतकीचे कान तापले.

“आरती राहू दे. जा वर.”

तो गेला. चाळीस फुटांवर फळीचं एक टोक सुटलं. कमरेचा पट्टा वर पोचल्यावर अडकवतात. तो अजून पोचला नव्हता.

“दोर सरकला,” कप्तानांनी संध्याकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं. “एवढंच बोलायचं. बाकीचं चौकशीत बघू.”

दोर ओढणाऱ्या चौघांनी केतकीसाठी तोंडं मिटली. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणंही मिटवलं.

“सांगू का त्यांना?” तिनं पुन्हा विचारलं. “की कप्तान म्हणतात तेच?”

“तू काय सांगणार, ते तुला माहीत.”

“हे उत्तर नाही, चाचा.”

“नाही,” चाचा म्हणाले.

तेवढ्यात धक्क्यावर रिक्षा थांबली.

कप्तान कागदपत्रांसाठी बंदराच्या ऑफिसात गेले होते. जाताना सांगून गेले होते की सामान सारंगनं आणि टोळीप्रमुखानं खाली नेऊन द्यावं. केतकीनं बॅग उचलली. बॅग हलकी होती, तेच तिला सोसेना.

किसन वाहुळे अंबडचे शिंपी. रात्रभर एसटीत बसून आलेले. धुतलेला पांढरा शर्ट, आणि कॉलरच्या आत दोरा ओवलेली सुई खोचलेली. घरातून निघताना ती काढायचं त्यांना सुचलं नसावं.

त्यांनी आधी डोलकाठीकडे पाहिलं. मान मागे टाकून, शेंड्यापर्यंत. मग तिथून डेकपर्यंत नजर सावकाश खाली आणली.

“हितनं?” त्यांनी विचारलं.

“होय,” चाचा म्हणाले.

वाहुळ्यांनी बॅग तिथेच जमिनीवर उघडली. वरच युनिफॉर्मचा शर्ट होता. त्यांनी तो उचलून छातीशी धरला आणि एकेक गुंडी चिमटीत पकडून ओढून पाहिली. पाचही झाल्या, मग बाह्यांच्या.

“ह्यो म्या शिवला,” ते म्हणाले. “कालिजातला घेऊ नको म्हनलं, ढगळ असतो. समद्या गुंड्या जाग्यावर हायेत.”

“होय,” चाचा म्हणाले.

“गिऱ्हाइकाला द्यायच्या आदी परतेक गुंडी वढून बगतो म्या. दहा रुपयाचं काम असू द्या न्हाईतर हजाराचं. निसतं बगून काय कळतंय?” त्यांनी शर्ट खाली केला. “तुमच्यात कुनी वढून बगत न्हाई का?”

केतकीच्या तोंडात जीभ होती. वादविवाद स्पर्धेत तिनं तीन वर्षं ढाली आणल्या होत्या त्या जिभेवर.

“बघतात,” चाचा म्हणाले. “आमच्यात बघतात.”

“मंग?”

“त्या दिवशी नाही बघितलं.”

“कुनी?”

…

डिझेलचा पाइप गुरगुरत होता. एक बगळा धक्क्याच्या कठड्यावर येऊन बसला आणि उडून गेला. चाचा केतकीकडे पाहत नव्हते. ते कुणाकडेच पाहत नव्हते. केतकीनं श्वास घेतला आणि तो आतच धरून ठेवला.

…

“मी,” चाचा म्हणाले.

वाहुळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“वय काय तुमचं, मामू?”

“सदुसष्ट.”

“सदुसष्ट,” वाहुळे म्हणाले. “आपल्या पायानं उतरून आलात की खाली.”

चाचांनी मान खाली घातली.

मारतील, शिव्या देतील, गचांडी धरतील म्हणून केतकी वाट बघत होती. तसं काही झालं नाही. वाहुळ्यांनी शर्टाची घडी घातली, दुकानात गिऱ्हाइकासाठी घालतात तशी, कॉलर वर ठेवून. बॅगेची चेन लावली. मग जहाजाचे दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर जाऊन बसले, जहाजाकडे पाठ करून, मांडीवर बॅग घेऊन. त्यांच्या गाडीला अजून तास होता.

डेकवर पाय ठेवताच केतकी उसळली.

“खोटं का बोललात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मोठेपणा मिरवायचा होता?”

“खोटं कुठे बोललो?”

“फळी मी बांधली होती.”

“त्यांनी विचारलं, कुणी बघितलं नाही. कुणी बांधली ते विचारलंच नाही.” चाचांनी सोडलेला दोर पुन्हा हातात घेतला. “मी तिथेच होतो, पोरी. खाली बसून शीड शिवत होतो. तू बसली नाहीस, ते मला दिसलं.”



“तुम्हाला दिसलं…?”

“दिसलं.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

“नाही.”

“का?”

चाचांनी दोराचा एक वेढा घातला. तो वाकडा पडला. त्यांनी सोडून पुन्हा घातला. पुन्हा वाकडाच पडला.

“पुन्हा हसाल म्हणून,” ते म्हणाले.

केतकीला ओरडायचं होतं. बेचाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आणि पोरासोरांच्या हसण्याला भ्याला. एक शब्द टाकला असता. एक. तिच्या अंगावर खेकसला असता, तिला चारचौघांत खाली पाहायला लावलं असतं, तरी चाललं असतं. ती चिडली असती, दात-ओठ खात फळीवर बसली असती, गाठ वीतभरावर सुटली असती आणि ती डेकवर आपटली असती. सुमेध आठवडाभर तिची नक्कल करत फिरला असता.

“म्हणजे तुम्ही सुद्धा,” ती म्हणाली.

“मी सुद्धा. माझं मी सांगून आलो.”

“मला बोलू दिलं नाहीत तुम्ही.”

“दिलं नाही?” चाचांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “थांबलो होतो की. बराच वेळ थांबलो होतो.”

…

भोंगा वाजला. कप्तान परत आले होते. त्यांनी वरून हुकूम दिला, शिडी आत घ्या. टोळीतली दोघं जण धावत आली आणि धक्क्याला लावलेली शिडी ओढायला वाकली. त्यांनी केतकीकडे पाहिलं नाही.

चाचांनी शिडीवर पाय ठेवला.

“काढा पाय, चाचा,” एक जण म्हणाला. “उशीर होतोय.”

चाचा हलले नाहीत.

खाली खुंटावर ती पाठ तशीच होती. पांढऱ्या शर्टावर घामाचा डाग पसरला होता. कॉलरमधल्या सुईचा दोरा वाऱ्यानं मानेवर हलत होता, आणि त्या माणसाला ते कळत नव्हतं.

वरून पुन्हा हाक आली. या वेळी कप्तानांनी चाचांचं नाव घेतलं.

केतकी शिडीच्या तोंडाशी आली. तिनं एक पाय टाकला. शिडी तिच्या वजनानं करकरली आणि किंचित वाकली. ती थांबली.

“चाचा,” तिनं खालच्या आवाजात विचारलं, “झेपेल का मला?”

चाचांचा पाय अजून शिडीवरच होता.

“बसल्याशिवाय कसं कळणार.”