चॅटबॉटचं बोलणं कुणाचं?

साताऱ्यातल्या एका मोठ्या लॅबने गिऱ्हाइकांशी बोलायला एआयचा चॅटबॉट ठेवला होता. तिथे तपासण्या करून घेतलेली वैजयंती गुरव बालवाडीत शिकवायची. तिला पूर्वी क्षयरोग झाला होता आणि तो पूर्ण बराही झाला होता. बालवाडीच्या संचालकांनी एकदा सहज तिचं नाव घालून विचारलं, तर चॅटबॉटने तिचा जुना आजार बिनदिक्कत सांगून टाकला. वैजयंतीची नोकरी गेली.

ती रडत बसली नाही. तिने ग्राहक आयोगात तक्रार केली आणि वकील न लावता स्वतःच उभी राहिली.

लॅबचे मालक सुबोध केळुसकर ऐटीत म्हणाले, "ते यंत्र स्वतःच्या बुद्धीने बोलतं. त्याला आम्ही जबाबदार कसे?"

"पटलं," वैजयंती आयोगाच्या अध्यक्षांना म्हणाली. "मी तक्रार मागे घेते. साहेबांनी फक्त चॅटबॉटच्या प्रत्येक उत्तराखाली ठळक लिहावं, की हे बोलणं आमच्या लॅबचं नाही आणि आम्ही त्याला जबाबदार नाही."

केळुसकर चपापले. "असं लिहिलं तर आमच्याकडे येईल कोण? लोक लॅबच्या नावावर विश्वास ठेवूनच त्याला विचारतात."

"मीही त्याच नावावर विश्वास ठेवून माझा आजार तुमच्या हवाली केला होता," वैजयंती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "केळुसकर, नाव तुमचं, तर बोलणंही तुमचंच."

निकाल वैजयंतीच्या बाजूने लागला. केळुसकरांना बालवाडीत जाऊन सगळ्यांदेखत तिची माफी मागावी लागली. त्या कामाला मात्र चॅटबॉट चालला नाही.