दगडापाशी थांबलेली गोष्ट

"आणखी किती सोसायचं, बाबा?"

शांतवनने अर्ज चटईवर ठेवला. गावची विहीर खुली करावी म्हणून मामलेदाराच्या नावाने, तीन पानं, सुरेख अक्षरात.

याकोबबाबांनी तो वाचला. मग घडी घालून परत दिला.

बाबा त्या खेड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे पाळक. शांतवन त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. नगरला परीक्षेत पहिला आला होता, आणि ते तो विसरत नसे.

वर्षापूर्वी नऊ घरांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून गावाने त्यांना विहीर बंद केली होती. बायका ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरून पाणी आणत. जायला एक कोस, यायला एक कोस. चार दिवसांपूर्वी वाटेत कुणीतरी राहेलबाईच्या घागरीवर दगड मारला. घागर फुटली, बाई पडली, मनगट मोडलं.

"मंडळी संपत चाललीय, बाबा. मी एवढे उपदेश केले... गावातला एक माणूस तरी आला?"

बाबा उठले. कोपऱ्यातली घागर उचलून त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"राहेलबाईच्या घरात पाणी नाही."

"मी आणू?"

बाबा घागर तशीच धरून उभे राहिले.

शांतवन निघाला. खांद्यावर घागर घेऊन पुरुष चाललेला पाहून पारावरची माणसं हसली. एकजण त्याच्या पायापाशी थुंकला. तो खाली मान घालून चालत राहिला.

वस्तीवर पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. आडावर एक धनगरीण उभी होती. तो घागर घेऊन ओढ्याकडून आलेला पाहून तिने विचारलं.

"राहेल का येईना?"

"हात मोडलाय तिचा."

बाईने कपाळाला हात लावला. मग जरा घुटमळून म्हणाली, "तुमीच का त्यांचे मास्तर?"

"हो."

"मंग पुढचं सांगा की. त्या तुमच्या देवाला क्रूसावरनं उतरवून गुहेत ठिवलं, तोंडाशी धोंड लावली, हितवर राहेलनं रोज पाणी भरताना सांगितलं. मंग आलीच न्हाई. चार दिस जिवाला घोर लागलाय... काय झालं त्याचं?"

आडामागून आणखी दोघी पुढे आल्या. एक म्हातारा काठी टेकत आला. "थांबा, माझ्या सुनेला बोलावतो," म्हणाला.

शांतवनने घागर खाली ठेवली. पाठ केलेल्या उपदेशांतला एकही शब्द त्याला आठवेना. तो आडाच्या काठावर बसला आणि सांगू लागला, "रविवारी पहाटे काही बाया तिथं गेल्या..."

परत यायला तिसरा प्रहर झाला. राहेलबाईच्या रांजणात पाणी ओतून तो बाबांकडे आला. खांदा सोलवटला होता.

"बाबा... वस्तीवर दहा-बारा माणसं आहेत. त्यांना राहेलबाईमुळे सगळं ठाऊक आहे."

"हं."

"हा अर्ज फाडून टाकू?"

"फाडू नकोस. आजच पाठव. पाणी वाहून बायकांच्या माना मोडल्यात."

शांतवन गोंधळला.

"पण विहीर खुली झाली तर... मग वस्तीवर कोण जाईल?"

बाबांनी त्याच्या खांद्यावर ओलं फडकं ठेवलं.

"तू जा. आणि उपदेश नको, रिकामी घागर घेऊन पाणी मागायला जा."