शेळीची खूण

“पण मग दारावर नाव कुणाचं राहणार, बाबा?”

सलील धामणकर हे तिसऱ्यांदा विचारत होता. केसरगीरबाबा ओसरीवर पाय पसरून गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. टेकडीवरच्या त्या मठात तिसरं माणूस नव्हतं, आणि बाबांना घाई तर जन्मात कधी झाली नव्हती.

“कसलं दार?”

“आत्ता सांगितलं की!”

“पुन्हा सांग. म्हातारा झालोय.”

सलीलने सुस्कारा सोडला. पुण्यात त्याचं बोलणं ऐकायला लोक तिकीट काढून बसायचे, आणि इथं ही तऱ्हा! पण वीस वर्षांचे गुरू. चिडणार कुणावर?

त्याने पुन्हा सांगितलं. माणसाला दवाखान्याच्या साइटवर एक पासवर्ड, बँकेत दुसरा, कॉलेजात तिसरा. लोक वैतागतात, सगळीकडे एकच ठेवतात आणि एक दिवस सगळंच गमावून बसतात. सलीलने त्यावर तोड काढली होती. ओळख एकाच दारात पटवायची. पुढं तिथून प्रत्येक साइटला नुसता निरोप जातो, की हा माणूस खरा आहे, याच्याबद्दल एवढंच तुम्हाला कळेल. पासवर्ड कुणाच्या हाती पडत नाही. दवाखान्याला रक्तगट लागतो, तर रक्तगटच मिळतो, पगार नाही. चार वर्षं त्याने यात घासली होती. डोक्याचे केस गेले होते, ते वेगळेच.

“झकास,” बाबा म्हणाले. “मग अडलं कुठं?”

“माझ्याबरोबर काम करणारे बाकीचे म्हणतात, नियम खुले करा. कुणीही वाचावेत, कुणीही तसं दार बांधावं, आणि एका दाराचा निरोप दुसऱ्या दाराला कळावा. माझी परवानगी नाही, माझं नाव नाही!” त्याने पिशवीतून एक कागद काढला. “संध्याकाळपर्यंत यावर सही हवीय त्यांना. मी म्हणतो, नियम माझे, दार माझं. ज्याला यायचं त्याने माझ्या दारातून यावं. सांगा, चुकलं माझं?”

बाबांनी एक शेंग मोडली. किडकी निघाली. ती बाजूला टाकली.

“सुंठ कुटायचीय,” ते म्हणाले. “खल खाली वाडीत गयाबाईकडं आहे. घेऊन ये.”

“…आत्ता?”

“चहा पिणार ना?”

मठाला धड कडी नव्हती, म्हणून बाबांचं सगळं किडूकमिडूक गयाबाईच्या पेटीत असायचं, एवढं सलीलला माहीत होतं. ती बाई मात्र त्याने कधी पाहिली नव्हती.

“चिठ्ठी द्या मग. ती मला ओळखत नाही.”

“तिला वाचता कुठं येतं? खूण सांग. म्हणावं, पुराच्या साली शेळी माळ्यावर व्याली.”

सलील टेकडी उतरला तो मनात चरफडतच. एवढा शिकलासवरला माणूस, आणि लोकांच्या दारात जाऊन सांगायचं काय, तर शेळी व्याली!

गयाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. सत्तरीची, काटक बाई. सलीलने खूणबीण काही सांगितली नाही. खिशातलं कार्ड काढून पुढं केलं.

“मी सलील धामणकर. बाबांचा शिष्य. खल हवाय.”

“बरं.” सूप काही थांबलं नाही.

“पुण्याहून आलोय. मागच्याच महिन्यात पेपरात फोटो आला होता माझा.”

“आला आसंल की. चांगलं झालं.”

“मग… खल?”

“खूण?”

सलीलने मोबाइल काढला आणि बाबांच्या शेजारी बसलेला आपला फोटो दाखवला. तिने तो कौतुकाने बघितला, बाबा लई वाळलं म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

पाव तास तरी उन्हात ताटकळला बिचारा. शेवटी मान खाली घालून पुटपुटला, “पुराच्या साली शेळी माळ्यावर व्याली.”

गयाबाई खुदकन हसली.

“दोन करडं झाली व्हती. त्यातलं एक बाबाच्या मांडीवर! आमा दोघांबिगर तितं कुणी नव्हतं.”

ती उठली आणि आत जाऊन पेटी उघडली. सलीलने उंबऱ्यावरून डोकावलं. मठाच्या चांदीच्या पादुका, जमिनीचे कागद, पोथ्या, सगळं आत होतं. तिने तेवढा पितळी खल आणि बत्ता उचलला आणि पेटीला कुलूप घातलं.

आता सलीलमधला कारागीर जागा झाला. बाईची परीक्षा बघावी म्हणून तो म्हणाला, “पादुकाही द्या की. बाबांना पूजेला लागतील.”

“शेळीच्या खुणंला भांडीकुंडी मिळत्यात. पादुकांची खूण निराळी हाय.”

“कोणती?”

“ती मी तुला सांगू? लई शाणा हायेस!”

सलीलला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी तो असा मोकळा हसला असेल. गयाबाईने खल त्याच्या हातात दिला.

“आन बाबाला सांग, शेळी आता तुला ठावी झाली. फुडच्या खेपंला नवी खूण लाव म्हणावं.”

सलील जागीच थबकला. एकदा वापरलेला निरोप दुसऱ्यांदा चालू द्यायचा नाही, हे सुचायला त्याला अख्खं वर्ष लागलं होतं.

“ही रीत… तुम्हाला शिकवली कुणी, मावशी?”

“शिकवायचं काय त्यात? माज्या म्हायेरी हीच, सासूच्या म्हायेरी हीच. नदीपल्याडच्या पिंजाऱ्यांच्यात बी हीच. रानातनं घरी कुणाला धाडायचं, तर खूण द्यावीच लागती की.”

तो टेकडी चढायला लागला. खल जड होता, ऊन मी म्हणत होतं, पण का कोण जाणे, त्याला बरं वाटत होतं.

बाबांनी चुलीवर आधण ठेवलंच होतं. सुंठ कुटता कुटता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नवी खूण लावा हा निरोप ऐकून तर ते ठसका लागेपर्यंत हसले. सलीलही हसला. कार्डाचं आणि फोटोचं त्याने काहीच लपवलं नाही.

मग त्याने तो कागद मांडीवर घेतला. पेनाचं टोपण काढलं. हात मात्र कागदाच्या वरच अडला.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“सही करतो, बाबा. पण जीव तुटतो हो… चार वर्षं!” तो म्हणाला. “ही खुणेची रीत ज्याने पहिल्यांदा काढली, त्याचं नाव तरी राहिलंय का कुठं? ठाऊक आहे कुणाला?”

बाबांनी चहा गाळला. पेला त्याच्यापुढं सरकवला.

“नाव ठाऊक असतं, तर आधी त्याची परवानगी आणायला धाडलं असतं तुला. घे, निवतोय.”