तंगुसाचा वेढा

"मग माझं चुकलं कुठे, नाखवा?"

शिरीष टेंबेने हे चौथ्यांदा विचारलं. हाशा नाखवा ओट्यावर बसून फाटक्या जाळ्याला गाठी मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शिरीष पुण्यातला दातांचा डॉक्टर. चांगला नावाजलेला. सुट्टी मिळाली की गाडीच्या टपावर कयाक बांधायची, ती एकट्याने वल्हवायची अरुंद पिवळी होडी, आणि कुठली तरी खाडी गाठायची, हे त्याचं वेड. गेल्या वर्षी रेवळीच्या याच खाडीत त्याच्या गळाला भलामोठा जिताडा लागला होता. होडीजवळ आला, एकदा शेपूट आपटली आणि दोरी तोडून गेला. तेव्हापासून पेशंटच्या तोंडात आरसा धरला तरी शिरीषला तीच शेपूट दिसायची.

त्या खाडीतला जिताडा ओळखणारा एकच माणूस उरलाय, असं त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणून तो हाशा नाखवांकडे आला होता.

त्याने सगळं पुन्हा सांगितलं. माशाची लांबी, ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, तंगुसाची दोरी किती किलो वजन पेलणारी होती ते. गळाने मासे धरणाऱ्या मित्रांमध्ये आपल्याइतका अभ्यास कुणाचाच नाही, हेही सांगून झालं.

नाखवांनी गाठ आवळली.

"गलाला कोलंबी कशी व्हती?"

"जिवंत होती. सकाळीच घेतली होती."

"कशी व्हती?"

शिरीष आठवू लागला... आठवेना.

नाखवांनी एक घमेलं त्याच्यापुढे सरकवलं. खाडीच्या पाण्यात डझनभर कोळंब्या होत्या. त्या जगवायच्या, एवढंच सांगून ते जाळं घेऊन आत गेले.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्या मेल्या. शिरीषने घमेलं उन्हात ठेवलं होतं. नाखवांनी मेलेल्या वेचल्या आणि नव्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी तो सावलीत बसला. ओलं गोणपाट टाकलं, तासातासाने पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी त्याने कोळंबीला गळ लावायला शिकून घेतलं. हात ओला करून धरायची, आणि डोक्यावरच्या काट्याखालचा काळा ठिपका चुकवून गळ ओवायचा. ठिपक्याला लागलं की ती मेली. त्याचा हात बारीक कामात मुरलेला. त्याने लावलेली कोळंबी गळासकट पोहत राहायची, जणू काही झालंच नाही.

"जमलं की," तो म्हणाला.

नाखवांनी घमेल्यातलं पाणी बदललं.

चौथ्या दिवशी सकाळी दोघे पाण्यावर उतरले. शिरीष कयाकमध्ये, नाखवा आपल्या जुन्या होडक्यात. ओहोटी लागली होती. शेतांमधलं पाणी बांधाच्या उघाडीतून, पाणी सोडायच्या झडपेतून, खाडीत ओतत होतं. त्या पाण्याबरोबर बारीक मासळी येते आणि तिच्यासाठी जिताडा तोंडाशीच टपून असतो, हे शिरीषला ठाऊक होतं. त्याने गळाची काठी उचलली.

नाखवांनी हात लांबवून ती काढून घेतली. त्याच्या हातात नुसतीच तंगुसाची दोरी दिली, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली.

त्याने गळ सोडला. थोड्या वेळाने कुजबुजला, "धडधडतंय. मासा आलाय."

"तो तू हाईस," नाखवा म्हणाले. "मूठ सैल कर."

त्याने मूठ सैल केली. धडधड थांबली. मग हळूहळू काही वेगळंच बोटांना कळू लागलं. कोळंबी दोन वीत पुढे जाते, थांबते, तळाला टेकते, पुन्हा निघते. अर्धा तास तो तेवढंच ऐकत बसला. गेल्या वर्षीचा मासा त्याच्या डोक्यातून कधी गेला, त्याला कळलं नाही.

आणि कोळंबी थरथरली.

थांबली. पुन्हा थरथरली. पाण्याखाली कुणीतरी जवळ आलं होतं आणि तिला ते दिसलं होतं.

मग दोरी सर्रकन पळाली.

लाकडाचा तुकडा पायाशी उड्या मारू लागला. शिरीषने दोरी धरली आणि या वेळी सुटू नये म्हणून उजव्या तळहाताला एक वेढा घातला. नाखवा मागून ओरडले. शब्द वाऱ्यावर गेले.

कयाकने तोंड फिरवलं आणि ती निघाली. ओहोटीही तिकडेच धावत होती, खाडीच्या मुखाकडे. एकदा मासा वर आला. पाठ दिसली, रुंद, काळसर. गेल्या वर्षीच्यापेक्षा मोठा. शिरीष हसला. दोरी तळहातात रुतत होती, तरी हसत होता.

मग त्याला लाटांचा आवाज ऐकू आला. मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर पाणी फुटत होतं, पांढरं. वल्हं मारायला दोन हात हवेत आणि एक हात माशाचा झाला होता. वेढा सोडवावा तर तो सुटेना. पहिली लाट आडवी आली, कयाक कलली, मांडीवर पाणी आलं. त्याने हाताकडे पाहिलं. बोटं पांढरीफटक पडली होती.

डाव्या हाताने त्याने जाकिटाला छातीवर अडकवलेली सुरी काढली.

...

परत यायला तासभर लागला. अर्ध्या वाटेवर नाखवांचं होडकं दिसलं. ते जिवाच्या आकांताने वल्हवत येत होते. जवळ आल्यावर त्यांनी खारफुटीची फांदी धरली, दोन्ही होड्या जोडून ठेवल्या. दोघांनाही धाप लागली होती.

"गेला?"

"नाही," शिरीष म्हणाला. "सोडला. मी दोरी कापली."

नाखवांनी त्याचा हात ओढून घेतला. डोक्याचं फडकं सोडून जखमेवर गुंडाळू लागले. गाठ मारताना त्यांचा डावा हात अडत होता. त्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरातच संपत होती.

चार दिवस शिरीष या माणसाच्या शेजारी बसला होता. त्याने ते पाहिलं नव्हतं.

"हे... कधी?"

"तुझ्याच वयाचा व्हतो. असाच वेढा."

"आणि मासा? तोडून गेला?"

"नाय. आनला."

नाखवांनी दातांनी गाठ आवळली. फांदी सोडली. होड्या हळूहळू वेगळ्या झाल्या.

"सगल्या गावानं खाल्ला. चांगला व्हता, म्हंतात."