दोनशे सहावी मूठ

मंडळी, एक सांगा. तुमच्या खळ्यावरची रास मोजायची आहे. माप कुणाच्या हातात द्याल? तुमच्यासाठी जीव टाकणाऱ्याच्या, की तुमचं तोंड पाहिलं तरी ज्याच्या अंगाचा तिळपापड होतो त्याच्या?

घाई करू नका. एका गावात दोन भाऊ वाटणीला बसले होते. मध्यस्थी करायला मामा आला, मेहुणा आला. दोघांनाही चहा पाजून, हात जोडून परत पाठवलं. आणि बोलावलं कुणाला? बांधावरून दोघांशीही भांडलेल्या शेजाऱ्याला. गाव हसलं. पण ती वाटणी आजतागायत मोडलेली नाही. असं का झालं, ते या गोष्टीत कळेल.

एका देशात मुकिंदा नावाचा मापाडी राहत होता. मापाडी म्हणजे बाजारात धान्य मोजून देणारा. या लोकांची एक रीत असते. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि पुढचं माप भरेपर्यंत चालू आकडा सारखा घोकत राहतात. 'सात, सात, सात…' मध्ये बाप हाक मारो की सावकार, तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. आकडा सुटला की रास पहिल्यापासून मोजा.

त्या देशाला राजा नव्हता. शेवटचा राजा निपुत्रिक गेला तेव्हा लोकांनी ठरवलं, आता वारस शोधत हिंडायचं नाही. दर पाच वर्षांनी एकतीस परगण्यांनी आपापला एकेक माणूस देशसभेत पाठवायचा. ज्या बाजूची माणसं जास्त, तिचा प्रधान. मत द्यायची पद्धतही सोपी. समुद्र तिथून महिन्याच्या वाटेवर, त्यामुळे कवड्या होत्या फक्त सरकारी पेटीत. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर एक कवडी ठेवायची. पडद्याआड दोन बाजूंचे दोन रांजण, एक गेरू फासलेला, एक चुना फासलेला. मनात असेल त्यात कवडी टाकायची नि घरी जायचं. मग रांजणांची तोंडं बांधून ते राजधानीत आणायचे आणि उघड्या मैदानात एकाच मापाड्यानं पाचापाचाच्या मुठींनी मोजायचे. मोजलेली मूठ थेट पेटीत. पुन्हा मोजणी नाही. म्हणून कायदा असा, की मापाडी दोन्ही बाजूंना मान्य असलाच पाहिजे.

तेव्हा प्रधान होते गुणाजीराव. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातून ज्वारी वाटली. लोकांनी तोंड भरून आशीर्वाद दिले. पण एका बाजारी मुकिंदाच्या धाकट्या भावानं, लखूनं, वाटपाचं माप उलटं केलं आणि बुडावर एक बुक्की हाणली. आतून लाकडाची चकती निसटून पडली. दोन बोटं जाड! म्हणजे दर मापामागे दोन बोटं ज्वारी भुकेल्याच्या पदरात पडायच्या आधीच प्रधानांच्या वखारीत गेली होती. लखूनं चकती उंच धरून साऱ्या बाजाराला दाखवली. शिपाई धावले तशी त्यानं ती भावाकडे फेकली.

'अफवा पसरवतो' म्हणून लखूला किल्ल्यावर कोंडलं. आठ महिन्यांनी सोडलं तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता. रक्त ओकत महिन्याभरात गेला. मुकिंदानं ती चकती कमरेला खोचली आणि कधी काढली नाही. कुणी गुणाजीरावांचं नाव घेतलं की त्याचा हात तिथे जायचा. समोरचा माणूस विषय बदलायचा.

पुढे निवडणूक आली. जुना मापाडी वारला होता. विरोधी बाजूच्या पुढारी चिमाबाई. त्यांनी मुकिंदाचं नाव सुचवलं. गुणाजीराव साफ नाकारणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

कारभारी घाबरून कानाशी लागला, "सरकार, तो आपल्यावर दात खाऊन आहे!"

"म्हणून तर," गुणाजीराव विड्याला चुना लावत म्हणाले. "जिंकलो तर प्रश्नच मिटला. हरलो, तर भावाचा सूड उगवला म्हणून ओरडायचं आणि खुर्चीला चिकटून बसायचं. अहो, असा वैरी पैसे देऊन मिळत नाही!"

मोजणी चार दिवस चालली. तीस परगणे मोजून झाले. पंधरा गेरूकडे, पंधरा चुन्याकडे. राहिला एक परगणा, आणि तोही मुकिंदाचाच. गेरूचा रांजण गुणाजीरावांचा. तो भरला दोनशे बारा मुठी, वर तीन कवड्या. मग मुकिंदानं चिमाबाईंचा रांजण पालथा केला. "लाभ, लाभ… दोन, दोन… तीन, तीन…"

दोनशे पाचवी मूठ पेटीत पडली आणि मुकिंदाची नजर उरलेल्या कवड्यांवर गेली. मापाड्याच्या नजरेला मोजावं लागत नाही. सहा मुठी आणि वर एक. गुणाजीराव सात कवड्यांनी जिंकत होते.

आणि त्याच क्षणी त्याला दुसरंही दिसलं. चार मुठींत पाचाऐवजी तीनच कवड्या धरल्या, की चिमाबाई एका कवडीनं पुढे. मापाड्याच्या मिटल्या मुठीत पाच आहेत की तीन, हे त्याच्या आईलाही कळत नाही.

मागे चिमाबाईंचा भाचा भिवा उभा होता. तोही बाजारात वाढलेला. तो वाकून पुटपुटला, "मुकिंदाकाका, मुठी जरा सैल धरा. लखूदादाची शपथ आहे."

"दोनशे पाच, दोनशे पाच," मुकिंदा म्हणाला.

"अहो, किल्ल्यावर त्याला पाणीसुद्धा मोजून देत होते. आठवा जरा!"

"दोनशे पाच! दोनशे पाच!" मुकिंदाच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. रीत मोडून दुसरा शब्द काढता येत नव्हता, म्हणून सगळा संताप त्या आकड्यातून बाहेर पडत होता. पुढच्या रांगेत त्याची बायको ठकूबाई बसली होती. ती डोळ्यांनीच सांगत होती, कर. पलीकडे गुणाजीराव तक्क्याला रेलून हसत होते.

मुकिंदानं डावा हात कमरेकडे नेला. चकती हाताला लागली. लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे उलटं केलेलं माप आलं, लखूची बुक्की आली. लखूनं माप उलटं केलं होतं ते कशासाठी? आणि आपण ही चकती कुठे बसवायला निघालो आहोत?

त्यानं दोनशे सहावी मूठ भरली. पाच कवड्यांची. कचकचून आवळली, इतकी की कवड्या तळहातात रुतून रक्त आलं. "दोनशे सहा." मग सात, आठ, नऊ, दहा. "दोनशे अकरा, वर एक." तो उभा राहिला आणि शिवी हासडावी तशा आवाजात ओरडला, "गेरू! सात कवड्यांनी गेरू!"

गुणाजीराव पोट धरून हसले. आपल्या हातातून काय निसटलं, ते त्या दिवशी त्यांना कळलं नाही.

मुकिंदाच्या दारावर त्या संध्याकाळी शेण पडलं. चिमाबाई स्वतः आल्या. उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या, "मापाड्या, तुझ्या मनगटात दम नव्हता. भावाला विकलंस."

ठकूबाईनं भाकरी थापता थापता नुसतं एवढंच म्हटलं, "भावजींना दुसऱ्यांदा मारलंत."

तेव्हा मात्र मुकिंदाचा बांध फुटला. त्यानं चकती काढून चुलीपुढे आपटली. "मग घाल ही माझ्या मुठीत! घाल! लखू ओरडला ते चोर कोण आहे म्हणून नव्हे गं, चोरी झाली म्हणून. मी गुणाजीवर थुंकतो. मरेपर्यंत थुंकीन. पण त्याचंच लाकूड माझ्या मापात बसवलं, तर मग थुंकायचं तोंड माझ्याकडे राहील का?"

ठकूबाईनं चकती उचलून त्याच्या हातात दिली. भाकरी मात्र करपली.

पुढची पाच वर्षं फार वाईट गेली. गुणाजीराव चेकाळले. नवे कर बसवले, बोलणाऱ्याला किल्ला दाखवला. तेल महागलं की लोक मुकिंदाला शिव्या द्यायचे. पण गंमत पाहा, रास मोजायची वेळ आली की बोलावणं त्यालाच. शिव्या देत देत बोलवायचे. त्याच्यासमोर शेतकरी डुलकी घ्यायचा आणि व्यापारीही डुलकी घ्यायचा. दोघंही जागे राहत ते बाकीच्या मापाड्यांपुढे.

पुन्हा निवडणूक आली. मापाडी कोण? गुणाजीराव म्हणाले, "मुकिंदाच. त्याचा हात मला लाभतो."

चिमाबाईंच्या माणसांनी गलका केला. बाईंनी त्यांना गप्प केलं. "तो मेला मला डोळ्यांसमोर नको. पण चोर नाही. असू दे."

यंदा वारं फिरलं होतं. तिसऱ्या दिवशी पंधरा परगणे चुन्याकडे गेले आणि सोळावा मोजायला आला. हा गेला की खेळ संपला. गेरूचा रांजण मोजणं चालू असताना कारभारी पंख्यानं वारा घालायच्या निमित्तानं मुकिंदाजवळ सरकला. "मुकिंदराव, किती घाम आलाय! मुठी अशा कचकचून नका धरू. कोठाराची मुकादमी रिकामी आहे म्हणे."

"नव्वद, नव्वद."

"आणि किल्लाही रिकामाच आहे हो."

"नव्वद! नव्वद! नव्वद!" मुकिंदा असा गरजला की कारभाऱ्याच्या हातून पंखा गळाला. लोक हसले.

संध्याकाळपर्यंत आकडा लागला. सोळा परगणे चुना. मुकिंदानं पुकारा केला आणि कारभारी मंचावर चढला. "खोटं! मोजणी खोटी! या माणसानं भावाचा सूड उगवलाय! सरकार, खुर्ची सोडू नका!" मैदानाच्या कडेला घोडेस्वार उभे होते. त्यांचा सरदार गुणाजीरावांच्या हाताकडे पाहत होता. हात वर झाला असता तर रक्ताचे पाट वाहिले असते.

तेवढ्यात गर्दीतून एक फुटाणेवाली म्हातारी उठली. पाटी डोक्यावर, आवाज खणखणीत.

"ए कारभाऱ्या! पाच वर्षांमागं याच मुठींनी तुझ्या धन्याला सात कवड्या जास्ती मोजून दिल्या. तवा भाऊ जिवंत हुता व्हय रं?"

मग एका टोकाला हसू फुटलं आणि आगीसारखं पसरत गेलं. पण ते रागाचं हसू होतं. हजारो माणसं दात आवळून हसत होती.

सरदारानं हळूच विचारलं, "सरकार, याची मूठ खोटी म्हणायची, तर ज्या मुठीवर आपण पाच वर्षं बसलात ती कोणती?"

गुणाजीरावांचा चेहरा उतरला. जपून ठेवलेला बहाणा त्यांनी स्वतःच सात कवड्यांना खर्चून टाकला होता. ते मुकिंदाजवळ आले. "खरं सांग. मागच्या खेपेला तुझा हात थरथरला नव्हता?"

"थरथरला होता."

"मग?"

"मूठ आवळली. अजून व्रण आहेत." मुकिंदानं तळहात पुढे केला. "तुमच्यासाठी नव्हे. तुमचं तोंड आजही नको वाटतं मला."

गुणाजीरावांनी ते व्रण पाहिले. मग कमरेच्या किल्ल्या आणि बोटातली शिक्क्याची अंगठी काढून गादीवर ठेवली. सरदारानं घोडे परत वळवले. जुने प्रधान पायीच घरी गेले. वाटेत कुणी त्यांना हात लावला नाही, कुणी रामरामही केला नाही. त्या देशात सरकार बदललं आणि एकाही घरात रडारड झाली नाही.

चिमाबाई गादीवर बसल्या. त्यांनी मुकिंदाला बोलावलं. "त्या दिवशी मी वाटेल ते बोलले, मुकिंदाभाऊ. मागा, काय मागायचं ते."

लोकांना वाटलं, आता जमीन मागेल. मुकिंदानं कमरेची चकती काढली आणि किल्ल्यांच्या शेजारी ठेवली.

"मागत नाही, बाई. देतो आहे. ही कुठल्याही मापात बसते. तुमच्याही."

चिमाबाईंचं हसू मावळलं.

"रोज सकाळी हिच्याकडे बघत जा," मुकिंदा म्हणाला. त्याच्या आवाजातला राग तसूभरही कमी झाला नव्हता. "पाच वर्षांनी मी पुन्हा मोजायला येतो."

तात्पर्य: जो रागावलेला असूनही वैऱ्याला पुरतं माप देतो, त्याच्याच शब्दावर उद्या तलवार न उपसता राज्य पालटतं. तेव्हा मंडळी, राग हवा तेवढा धरा, तुमचा हक्क आहे. पण हातात माप आलं की मूठ पुरती भरा, आणि हिशेब, तो आपल्याविरुद्ध जात असला तरी, चोख ठेवा. एवढं मागणं आहे.